कॉम्प्युटरला राग येत असे

आमच्या घराच्या पुढच्या खोलीत एकाच मीटरवर दोन धंदे चालायचे. एक आईचा मिरचीचा डंका आणि दुसरा बाळूदादाचा गेम. डंका म्हणजे वाळलेल्या मिरच्या कुटायचं यंत्र. उन्हाळा लागला की आमच्या बीबी गावातल्या आणि आसपासच्या बायका वर्षाचं तिखट कुटून न्यायला डोक्यावर गाठोडी घेऊन यायच्या. लोखंडी मुसळं वर-खाली होऊ लागली की भिंतीवरच्या देवांच्या तसबिरी हलायच्या, मांडणीवरची भांडी बारीक आवाजात वाजायची आणि घरातलं माणूस न् माणूस शिंकायचं. बाबा एसटीत कंडक्टर. ते बरेचदा मुक्कामी गाडीवर असत, आणि घरी आले की आधी अंगणातच अर्धा तास बसून राहत. म्हणायचे, सवय मोडली की आत यायला नाक तयार होत नाही. त्याच खोलीत मधे पत्रा उभा करून पलीकडच्या बाजूला माझा चुलतभाऊ बाळूदादा गेम पार्लर चालवायचा. पार्लर म्हणजे एक जुना रंगीत टीव्ही, गेमचा काळा डबा, वायरवाले दोन रिमोट आणि एक लाकडी बाक. पोरं नाकाला रुमाल बांधून त्या बाकावर दाटीनं बसलेली असत. नवख्या माणसानं दारातून डोकावलं तर आत दरोड्याची बैठक चालली आहे असं त्याला वाटावं.

डिस्क तशा चार-पाच होत्या, पण चालायची एकच. जपानी कार्टूनमधल्या माणसांची मारामारी. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीसारखे उभे केस, बशीएवढे डोळे, आणि मार खाताना सुद्धा भाषण द्यायची हौस. त्या गेमचं खरं नाव आम्हाला कधीच कळलं नाही, कारण डब्यापासून पडद्यापर्यंत सगळं जपानी लिपीत होतं. आम्ही त्याला नुसतं ‘झुंज’ म्हणायचो. गेम सुरू झाला की अक्षरांच्या चौकटी समोर यायच्या, आणि त्या वाचता येत नसल्यामुळे अक्षर जसं दिसेल तसं आम्ही त्याला नाव देऊन टाकलं होतं. पहिलं अक्षर शिडीसारखं, म्हणून ती चौकट ‘शिडी’. त्यात एकट्यानं गोष्ट पुढे न्यायची, एकेका दुष्टाला हरवत वर चढायचं. दुसरी ‘खिडकी’, तिच्यात दोघांनी दोन रिमोट घेऊन समोरासमोर लढायचं. तिसरं ‘फाटक’, त्यात आठ-आठ जणांची स्पर्धा लावता यायची. राहिलेल्या चौकटींना बाळूदादा ‘नको तिकडं’ म्हणायचा, कारण एकदा त्यातली एक उघडली तेव्हा तासभर बाहेरच पडता आलं नव्हतं.

लढाईची रीत मात्र लिपीवाचून समजण्यासारखी होती. वर जीवाची पट्टी, खाली ताकदीची. एक बटण दाबून धरलं की आपला माणूस दात-ओठ खात जागेवर उभा राहतो आणि ताकद भरते. याला पोरं ‘पंप मारणं’ म्हणायची. पंप मारताना माणूस हलू शकत नाही, म्हणून तेवढ्यात समोरच्यानं येऊन हाणायचं. पट्टी काठोकाठ भरली की रूप बदलतं, अंगाभोवती जाळ उठतो आणि मग तळहातातून उजेडाचा गोळा सोडता येतो. दोघांनी एकाच वेळी गोळे सोडले तर ते मधे भिडतात. मग रिमोटची काडी गरागरा फिरवायची, जो जास्त फिरवेल त्याचा गोळा पुढे सरकतो. सगळ्यात अवघड ‘गायब होणं’. समोरच्याचा ठोसा अंगाला लागणार, बरोबर त्या क्षणी बटण दाबलं तर आपला माणूस नाहीसा होऊन त्याच्या पाठीमागे उगवतो. क्षण चुकला की ठोसा तोंडावर. आज माझी मुलगी तिच्या मोबाईलवर असलेच गेम खेळते आणि मला विचारते, आई, तुला काय कळतं यातलं. मी भाकरी थापत राहते.

मला त्यातलं किती कळायचं ते सांगते. बाळूदादा सकाळी उशिरापर्यंत झोपायचा. खोली झाडायचं काम माझं. झाडून झालं की मी टीव्ही लावायचे, आवाज बंद करायचे आणि ‘शिडी’ उघडायचे. खेळाडू निवडायच्या पानावर सुरुवातीला मोजकेच चेहरे होते, बाकी सगळे काळे चौकोन. शिडीतली एक गोष्ट संपवली की एक काळा चौकोन उघडायचा आणि त्यातून नवा माणूस निघायचा. कुणी तलवारवाला, कुणी शेपटीवाला, एक म्हातारी होती जी काठीनं असा मार द्यायची की बघत राहावं. अख्खं वर्ष खपून मी ते सगळे चौकोन उघडले. काडेपेटीएवढं मेमरी कार्ड होतं, त्यात ते साठून राहायचे. संध्याकाळी पोरं यायची, नवा चेहरा पाहून हरखायची आणि बाळूदादा कॉलर नीट करत सांगायचा की खास जालन्याहून टाकून आणला. मी पत्र्याच्या अलीकडे मिरच्यांची देठं खुडत ते ऐकायची.

देठं खुडणं, गिऱ्हाईक सांभाळणं आणि भाव करणं, ही माझी डंक्यावरची कामं. आई यंत्रावर उभी, तोंडाला ओला फडका बांधलेला, त्यामुळे तिला बोलता यायचं नाही. बोलायचं सगळं माझ्याकडे. बाया मोठ्या तयारीच्या असत. तिखट हातावर घेऊन म्हणायच्या, जाडं राह्यलं, म्या तं बारीक सांगतलं होतं, आता कुटाईचं अर्धंच देतो. मी त्यांच्याच तिखटाची चिमूट त्यांच्याच ओढणीतून, पदरातून चाळून दाखवायची. कधी चिडून गाठोडं उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवायची. माझा राग तेव्हापासून गावात प्रसिद्ध आहे. पण रागावूनही सौदा तुटू द्यायचा नाही हेही मी तिथंच शिकले. दुपारी बाजाराच्या दिवशी आई आलूबोंडे आणायला सांगायची, एरवी ज्वारीची भाकर, तळलेली मिरची आणि कांदा. दिवसभर मिरचीत राहून परत मिरचीच खायची. आता डॉक्टरांनी बंद केली आहे, तर जेवल्यासारखं वाटत नाही.

तो प्रकार सुरू झाला एका रिकाम्या दुपारी. एक पोरगा एकटाच आला. जोडीला कुणी नाही. बाळूदादानं ‘खिडकी’ लावून दिली, पण दुसरा रिमोट कुणाच्या हातात नसल्यामुळे समोरचा माणूस नुसता उभा. पोरगा त्याला चार लाथा मारून कंटाळला आणि उठायला लागला. पार्लर आणि आमचं स्वैपाकघर यांच्या मधल्या दाराला आईचं जुनं लुगडं पडदा म्हणून लावलेलं होतं. बाळूदादानं दुसऱ्या रिमोटची वायर त्या पडद्याखालून आत सरकवली आणि माझ्याशी हळू आवाजात बोलला, “वर्षे, जरासं हालव त्याले. खांबावानी उभा नको राहू देऊ.” मी हात पुसला न पुसला आणि रिमोट घेतला. स्वैपाकघरात अंधार, पलीकडे टीव्हीचा उजेड. विरलेल्या लुगड्यातून मला टीव्ही स्वच्छ दिसत होता, त्यांना माझी सावलीसुद्धा नाही. दोन मिनिटांत तो पोरगा आडवा झाला. त्यानं विचारलं, “दादा, हा कोन खेळून राह्यला?” बाळूदादा बिनधास्त म्हणाला, “कॉम्प्युटर बे.”

आणि त्या दिवसापासून मी कॉम्प्युटर झाले. एकटा पोरगा आला की बाळूदादा वायरीवर पोतं टाकायचा. सोपा लावू की कठीण, असं विचारायचा. मग टीव्हीचा रिमोट हातात घेऊन दोन-तीन बटणं उगाच दाबायचा आणि मोठ्यानं सांगायचा, “कठीण लावला रे.” ते मला ऐकवायला असायचं. सोपा म्हटलं की मी एका हातानं खेळून दुसऱ्या हातानं शेंगा फोडायची. आईला सगळं ठाऊक होतं. तिचं म्हणणं एवढंच, की शेंगा वेळेवर फोडून झाल्या पाहिजेत. मिरचीचे हात लागून तो दुसरा रिमोट कायम झणझणीत असायचा. जोडीनं खेळणाऱ्या पोरांपैकी ज्याच्या वाट्याला तो यायचा त्यानं चुकून डोळा चोळला की तो दिवसभर रडायचा. एकदा ऐन लढाईत कॉम्प्युटर शिंकला. पोरानं वळून पाहिलं. काकू शिंकली, असं बाळूदादानं सांगितलं, आणि पोरगं परत खेळायला लागलं. त्यांचाही दोष नाही. मेनू वाचता येत असता तर कोणत्या चौकटीत खरोखर यंत्र लढतं आणि कोणत्या चौकटीत माणूस, हे पहिल्याच दिवशी कळलं असतं. शिडीत मी खऱ्या यंत्राशीच लढायचे आणि ते किती बावळट आहे ते मला माहीत होतं. कोपऱ्यात गाठलं की मुकाट्यानं मार खायचं. मी बाळूदादाला ते सांगितलंही. तो म्हणाला, मंग त्याच्यासंग खेळाले कोन येईन? तू बरी.

आमच्या वर्गात इरफान नावाचा मुलगा होता. त्याच्या वडलांचं बांगड्यांचं दुकान, आणि झुंजीत त्याच्यासारखा हात गावात कुणाचा नव्हता. जोडीत तो कुणाला हरायचा नाही, म्हणून तो मुद्दाम एकटा यायचा आणि कॉम्प्युटर मागायचा, तोही कठीण. कधी तो जिंकायचा, बहुतेकदा मी. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत वर्गात त्याच्याभोवती घोळका जमायचा आणि कॉम्प्युटरनं काल कोणता डाव टाकला यावर तो बोलायचा. मी पुढच्या बाकावर पाठ करून डबा खात असायची. स्वतःची इतकी स्तुती इतक्या जवळून ऐकायची आणि घास गिळायचा. अवघड होतं ते. एक दिवस तो म्हणाला, “त्याची खोड सापडली मले. दोन फटके लागोपाठ हान, त्याले राग येते. मंग ते आंधळ्यावानी धावत येते. तवाच गोळा सोडा लागते.” कुणीतरी विचारलं की कॉम्प्युटरले राग कसा येईन बे. इरफान विचार करून म्हणाला, “जपानी हाय ना. त्याइनं टाकला असन.” सगळ्यांना ते पटलं. मला मात्र ठसका लागला. कारण ते खरं होतं. दोन फटके लागले की माझं डोकं फिरायचं, आणि हे माझ्या आईखेरीज कुणाला कळलं असेल तर या पोराला, ज्याला मी कोण हेच माहीत नव्हतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत बाळूदादानं स्पर्धा लावली. भिंतीवर चुन्यानं नावं लिहिली, जिंकेल त्याला नवी क्रिकेटची बॅट. माझं नाव लिही, असं मी त्याला सांगितलं तेव्हा तो हसला. बाकावर पोरांच्या मधात बसशीन? लोकं काय म्हणतीन? मी म्हटलं, वर्षभर काय म्हणाले? तो म्हणाला, वर्षभर लोकाइले माहीत नव्हतं. मला जास्तच राग आला. तो मी मिरच्यांच्या देठांवर काढला. स्पर्धा झाली, अपेक्षेप्रमाणे इरफान जिंकला. बॅट हातात घेऊन तो म्हणाला की आता सगळ्यांसमोर कॉम्प्युटरशी एक होऊ द्या, सगळ्यात कठीण. बाळूदादा खूश. त्यानं पोतं नीट केलं. मी पडद्यामागे ओढणी खोचून तयार. पण इरफाननं खिशातून एक डिस्क काढली. त्याच्या मामानं जालन्याहून आणली होती. गेम तोच, फक्त इंग्रजीत.

बाळूदादाला नाही म्हणायची संधीच मिळाली नाही. चौकटी इंग्रजीत आल्या आणि दहावीतल्या पोरांनी त्या मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. गोष्ट, स्पर्धा, सराव, दोन खेळाडू, आणि एक खेळाडू विरुद्ध कॉम्प्युटर. इरफाननं ती शेवटची निवडली. मी पडद्यामागे बटणं दाबत होते आणि टीव्हीवरचा माझा माणूस माझं काहीच ऐकत नव्हता. तो आपल्या मनानं चालत होता. मी पुढे ढकलावं तर तो मागे, मी गायब व्हावं तर तो तोंडावर ठोसा घेऊन उभा. आपलाच हात आपल्या हातात नसल्यासारखं वाटत होतं. इरफाननं त्याला कोपऱ्यात गाठलं आणि त्यानं, माझ्या त्या माणसानं, मुकाट्यानं मार खाल्ला. पोरं लोटपोट हसली. म्हातारा झाला कॉम्प्युटर. दम नाही राह्यला. हा तर कधीच असा नव्हता, काऊन असा झाला. दुसरा डाव, परत तसंच. वर्षभर ज्यांनी माझ्या हातचा मार खाल्ला तीच पोरं आता माझ्यावर हसत होती, आणि जो मार खात होता तो मी नव्हते. मी शेंगांची परात बाजूला सारली आणि रिमोट हातात घेऊन पडद्याच्या बाहेर आले. माझ्या मागे वायर सरपटत आली. पोतंसुद्धा आलं.

“हा कॉम्प्युटर नाही,” मी म्हटलं. “कॉम्प्युटर मी हाय.”

आधी कुणीच हसलं नाही, मग सगळेच हसले. बाळूदादा म्हणाला, वर्षे, आत जाय. इरफान मात्र माझ्या हातातल्या रिमोटकडे पाहत होता, मग वायरीकडे, मग दाराच्या लुगड्याकडे. मी त्याला म्हटलं, माझ्याशी खेळ. तीन डाव. माणूस तुझा तू निवड, माझाही तूच निवड, मैदानही तूच निवड. फक्त डिस्क जुनी आणि कार्ड माझं. त्याला वाटलं सगळं त्यालाच मिळालं. सगळे चौकोन मीच उघडले होते, कोणताही माणूस दिला तरी मला सारखाच. डंक्यावर मी हेच करायची, जे द्यायला आपलं काही जात नाही ते आधी मोठ्या मनानं द्यायचं. तो हो म्हणाला. मग मी बाळूदादाकडे वळले. मी जिंकले तर बॅट नको, काही नको. वर्षभर पडद्यामागं कोण होतं ते यांच्यासमोर सांगायचं. एवढंच. बाळूदादा पोतं गोळा करू लागला. तेवढ्यात पत्र्यापलीकडचा डंका बंद झाला. आई पार्लरमध्ये आली, फडका खाली ओढून तिनं बाळूदादाला विचारलं काय चाललं, आणि ऐकून घेऊन म्हणाली, “मीटर माह्यं हाय, बाळू. खेळू दे तिले. अन् जिंकली तं सांग.” बाळूदादानं मान हलवली. तिच्या मागे तिखटाला आलेल्या बायाही आत शिरल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

बाकावर बसून, उजेडात खेळायची मला सवय नव्हती. इरफाननं मला ती काठीवाली म्हातारी दिली, हसवण्यासाठी. पहिला डाव मी हरले. त्यानं दोन फटके लागोपाठ मारले, माझं डोकं फिरलं, मी धावत गेले आणि सरळ त्याच्या गोळ्यात शिरले. तो काही ओरडला नाही. टीव्हीवरची नजर न काढता एवढंच म्हणाला, अगदी हळू, स्वतःशीच बोलल्यासारखं, “हे तं चिडते.” मी शेजारी होते म्हणून मला ऐकू आलं. त्यानं मला ओळखलं होतं. दुसरा डाव मी घेतला. तो पंप मारत होता तेव्हा मी अंगावर गेले, तो ठोसा मारायला वळला आणि मी गायब होऊन त्याच्या पाठीशी उगवले. असं तीन वेळा केल्यावर भिंतीजवळची एक बाई म्हणाली, म्हातारी लय बिलंदर हाय वं. तिसऱ्या डावात दोघांच्याही पट्ट्या बोटभर राहिल्या. त्यानं एक फटका मारला. मग दुसरा. आता तो वाट पाहत होता, गोळा तयार ठेवून, मी चिडायची. आणि मी खरंच चिडले होते, कानशिलं तापली होती. पण मी धावल्यासारखं केलं, दोन पावलं, आणि थांबले. त्याचा गोळा रिकाम्या जागेतून गेला. त्याची ताकद संपली. मग म्हातारीनं काठी उचलली.

बाया ओरडल्या, आईनं फडक्यानं डोळे पुसले, मिरचीनं असतील, आणि गिऱ्हाइकं खोळंबली म्हणून ती डंक्याकडे वळली. मग पोरांतल्या एकानं हिशोब लावला. म्हणजे आपण कॉम्प्युटर म्हणून हिच्यासंग खेळून राह्यलो होतो? पार्लरमध्ये एकदम गलका झाला. फसवलं म्हणे. सगळ्या डावांचे पैसे परत पाहिजेत म्हणे. दोघं-तिघं उठून बाळूदादाच्या अंगावर गेले. बाळूदादा घाबरला. मी त्याच्याकडे पाहतेय हे त्याला पक्कं माहीत होतं. तो म्हणाला, “नाही बे. कॉम्प्युटरच होता. हिचा आज नशिबानं लागला हात.” आणि पोरं थांबेनात तेव्हा त्यानं साक्षीला त्या एकाच माणसाला घेतलं ज्याचं सगळे ऐकायचे. “सांग ना बे इरफान. वर्षभर तूच सगळ्यात जास्त खेळला. कोन होतं?”

इरफाननं माझ्याकडे पाहिलं नाही. इंग्रजी डिस्क खिशात टाकली, बॅट उचलली. “कॉम्प्युटरच होता,” म्हणाला, आणि गेला.

मी डब्याजवळ गेले, मेमरी कार्ड उपसलं आणि आत गेले. कार्ड नसल्यामुळे संध्याकाळी पोरांना सुरुवातीचे तेवढे चेहरे दिसले, बाकी काळे चौकोन. दोन दिवसांत बाक ओस पडला. मग बाळूदादा पडद्याशी येऊन उभा राहिला. माझ्या आयुष्यातला पहिला खरा सौदा तो. मी म्हटलं, पार्लरचं मी पाहीन. उजेडात, बाकावर, माझ्या नावानं. पोरांनी भाव माझ्याशी करायचा. मुली आल्या तर त्यांनाही खेळू द्यायचं. तो सगळ्याला हो म्हणाला. शेवटी मी म्हटलं, आणि ते एक वाक्य. तो म्हणाला, वर्षे, ते सोडून काही माग. मग पोरं जीव घेतीन माहा. मी कार्ड दिलं. सौदा तुटू द्यायचा नाही, म्हणून दिलं. माझी पहिली कमाई त्या बाकावरची, आणि पुढचं जे काही उभं केलं ते तिथून. इरफाननं शाळेत त्यानंतर कॉम्प्युटरचं नाव कधीच काढलं नाही. माझी मैत्रीण म्हणते, तीच त्याची कबुली होती. असेल. मला मुकी कबुली चालत नाही.

आता मेहकरला माझं पीठगिरण्या आणि कांडप यंत्रांचं दुकान आहे. गेल्या दिवाळीआधी बाळूदादा आला, वहिनीसाठी गिरणी घ्यायला. केस पांढरे, पण कॉलर नीट करायची सवय तशीच. दुकानात गर्दी होती. उंद्रीचे दोन शेतकरी होते, हिवरा आश्रमाकडच्या बचत गटाच्या बाया होत्या. बाळूदादानं गिरणीभोवती दोन चकरा मारल्या, मोटर वाजवून पाहिली आणि घरचा माणूस म्हणून जो भाव मागितला तो ऐकून माझा नोकरसुद्धा हसला. त्या भावात मला सुटं लोखंडही येत नाही. मी त्याला चहा दिला. म्हटलं, दादा, मी याच भावात देते.

त्याला खरं वाटेना. कप तसाच हातात राहिला.

“फक्त या लोकाइसमोर सांग,” मी म्हटलं, “तुह्या पार्लरात पडद्यामागं कोन होतं.”

बायांनी माना वळवल्या. शेतकरीही पाहू लागले. त्यांना काय, कुणीही असलं तरी सारखंच होतं. त्यांच्यातल्या कुणालाही बीबीचं ते पार्लर माहीत नव्हतं, कुणी त्याचा जीव घेणार नव्हतं. बाळूदादानं माझ्याकडे पाहिलं, गिरणीकडे पाहिलं. बायांकडे पाहून थोडं हसला. मग त्यानं चहा संपवला, कप टेबलावर ठेवला आणि आतल्या खिशातून पूर्ण भावाचे पैसे काढले.

मीही घेतले. पावती फाडून दिली.